शास्त्रीय संगीतसभांचे प्रत्यक्ष प्रक्षेपण

सभागृहात चाललेले गायन वा वादन त्याच वेळी नभोवाणीद्वारा दूरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचविणे, यास संगीतसभेचे प्रत्यक्ष प्रक्षेपण म्हणतात. त्याची ध्वनिगुणवत्ता ध्वनीचे ग्रहण, प्रेषण व श्रोत्याचा रेडिओ संच या तीन टप्प्यांवर ठरते. हिंदुस्थानी संगीतातील स्वर तंबोऱ्याच्या आधारस्वराच्या संदर्भात लावले व ऐकले जातात. त्यामुळे तंबोऱ्याचा नाद कितपत यथातथ्य पोहोचतो, ही या गुणवत्तेची एक महत्त्वाची कसोटी होय.

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ध्वनिफितीचा वापर रूढ होण्यापूर्वी गायन-वादन बहुधा कलागृहातून प्रत्यक्षच प्रक्षेपित होई. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम व १९५४ मध्ये निमंत्रित श्रोत्यांपुढे होणारे रेडिओ संगीत संमेलन सुरू झाले. पालघर जिल्ह्यातील (१ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) वसई-विरारसारख्या भागातील रसिकांना अशा कार्यक्रमांचे मोल अधिक होते. चर्चगेट ते विरार हे अंतर लोहमार्गाने सु. ६० किमी. असल्याने मुंबईतील रात्रीच्या मैफलींना जाऊन परतणे त्यांना सुकर नव्हते.

तंबोऱ्याच्या घोडीवरील जवारीमुळे तारेच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतील अनेक उपस्वर निर्माण होतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये या क्रियेचे विवेचन केले. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा ‘स्वयंभू गंधार’ हा असाच एक उपस्वर होय. मानवी श्रवणाची मर्यादा सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ आहे. मध्यम तरंगांवर मात्र शेजारच्या दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्‌झचेच अंतर असल्याने सामान्य संचातून सु. ४,५०० हर्ट्‌झपलीकडील ध्वनी फारसा ऐकू येत नाही. त्यामुळे जवारीची झळाळी व तबल्याच्या चाटेची धार मंदावते. संचातील ध्वनिवर्धक लहान असेल, तर डग्ग्याचा घुमाराही क्षीण होतो. खर्ज मात्र पूर्णपणे हरपल्यासारखा वाटत नाही. कारण उपस्वरांवरून कान मूळ स्वराचा बोध करून घेतो.

मध्यम तरंग जमिनीलगत प्रवास करतात आणि खाऱ्या पाण्यावरून त्यांचा ऱ्हास कमी होतो. खाडी व मिठागरे असलेल्या वसईच्या किनारपट्टीस ही गोष्ट अनुकूल ठरते. तथापि पावसाळ्यातील विजा, विद्युत्‌ उपकरणे व लोहमार्गाच्या तारांवरील ठिणग्या यांमुळे खरखर होते आणि विलंबित आलापीतील शांत जागा तीत बुडतात. एफ्‌एम्‌ प्रेषणात ध्वनीची मर्यादा सु. १५,००० हर्ट्‌झपर्यंत जाते व खरखरही पुष्कळ कमी होते. भारतात हे प्रेषण १९७७ मध्ये मद्रास येथे सुरू झाले. या लहरी मुख्यतः सरळ रेषेत जात असल्याने डोंगर व उंच इमारती यांमुळे त्या अडतात किंवा परावर्तित होऊन ध्वनीत विकृती आणतात.

ध्वनिग्राहक कोठे ठेवला आहे, यासही तितकेच महत्त्व असते. तो गायकाच्या अगदी जवळ असल्यास श्वास स्पष्ट ऐकू येतो, पण तंबोरा मागे पडतो. दूर असल्यास सभागृहाचा प्रतिध्वनी व श्रोत्यांची कुजबुज वाढते. म्हणून गायक, तंबोरे, तबला व साथीचे वाद्य यांसाठी स्वतंत्र ध्वनिग्राहक योजून त्यांचे ध्वनी प्रमाणात मिसळतात. ध्वनीची पातळी आपोआप सावरणारी यंत्रणा वापरली, तर गायक थांबताच तंबोरा अकस्मात मोठा होतो व तान सुरू होताच दबतो. ख्यालातील क्रमशः होणारी चढण त्यामुळे सपाट होते. म्हणून मैफलीच्या प्रक्षेपणात अशी यंत्रणा जपून वापरणे व पातळी हाताने, गाणे समजून सावरणे इष्ट ठरते.

आंतरजालावरील अंकीय प्रक्षेपणात विजांची खरखर नसते. मात्र माहितीचे अतिसंक्षेपण केल्यास क्षीण ध्वनी गाळले जातात आणि त्यांत तंबोऱ्याचे सूक्ष्म उपस्वर प्रथम बळी पडण्याचा संभव असतो. साधने बदलली, तरी आधारस्वर अखंड राखणे हीच ध्वनितंत्रज्ञाची मुख्य जबाबदारी राहते.