निर्गमन, दुहेरी आवर्तनातील
संगणकाच्या आज्ञावलीत एका आवर्तनाच्या पोटात दुसरे आवर्तन चालू असता, उत्तर मिळताच दोन्ही थांबविण्याची क्रिया. उदा., बुलढाणा जिल्ह्याचे १३ तालुके वर्णानुक्रमे घेऊन प्रत्येकातील गावांमधून खाऱ्या पाण्याच्या सरोवराचे ठिकाण शोधावयाचे आहे. दहाव्या तालुक्यात लोणार सापडते. शेगाव, संग्रामपूर व सिंदखेड राजा हे तालुके तपासण्याचे मग कारण उरत नाही. परंतु केवळ आतील आवर्तन थांबविल्यास बाहेरील चालूच राहते व श्रम वाया जातात. सी भाषेत अशा वेळी थेट उडी घेण्याची आज्ञा देता येते. शुद्ध फलनात्मक भाषांत तशी आज्ञा नसते. तेथे फलन स्वतःलाच पुन्हा पाचारण करते व त्यातून आवर्तन घडते. साहजिकच पाचारण न करणे हेच निर्गमन होय. आतील फलन ‘सापडले’ किंवा ‘नाही’ असे मूल्य परत देते. ‘नाही’ आल्यासच बाहेरील फलन पुढील तालुक्याकडे वळते. हॅस्केल (१९९०) भाषेत मूल्य गरजेपुरतेच काढले जाते. त्यामुळे सर्व गावांची एकच सलग यादी कल्पून तीतील पहिले योग्य नाव मागितले, की उरलेली यादी तयारच होत नाही. स्कीम (१९७५) भाषेत आवर्तनाबाहेरील उर्वरित गणना फलनाच्या रूपाने आधीच हाती घेता येते. उत्तर मिळताच त्या फलनाला पाचारण केल्यास दोन्ही आवर्तने एकदम सुटतात. ही रीत समर्थ असली, तरी मूल्य परत देण्याच्या रीतीत निर्गमनाची प्रत्येक वाट आज्ञावलीत स्पष्ट दिसते व तिची अचूकता पडताळणे सोपे जाते.