विश्लेषण : मे महिन्यात मालगुंडला जाताय? आधी तिथी बघा, मग समुद्र!

मे महिना लागला की कोकणातली वर्षभर बंद असलेली घरं उघडतात. रत्नागिरी तालुक्यातलं मालगुंडही त्याला अपवाद नाही. गणपतीपुळ्याला लागूनच असलेल्या या गावात मुंबई-पुण्याहून चाकरमानी येतात. पहिले दोन दिवस झोपण्यात जातात. तिसऱ्या दिवशी मुलांचा प्रश्न येतो, ‘आता काय करायचं?’ उत्तरं गावातच आहेत. त्यातल्या एकासाठी मात्र थोडं गणित यावं लागतं.

घरी बसून काय करता येतं?

मे महिना म्हणजे कामाचे दिवस. त्यात मुलांना हात घालू दिला की तोच खेळ होतो.

- अढी : काढलेले आंबे भाताच्या पेंढ्यात लावतात. पिकताना आंबा इथिलीन वायू सोडतो. तो पेंढ्यात कोंडला जातो आणि शेजारचे आंबेही पिकतात. रोज अढी चाळून पिकलेला आंबा शोधणं हे मुलांचं काम.
- रातांबे : फळ फोडून बिया वेगळ्या करायच्या. सालांना मीठ आणि रसाची पुटं देत उन्हात वाळवलं की आमसुलं तयार. साखर भरून बरणीत ठेवलं की सरबताची सोय.
- आंबापोळी : तूप लावलेल्या ताटात आमरस पसरून खळ्यात वाळवायचा. थर सुकला की पुढचा थर. राखणीला अर्थातच मुलं.

दुपारी कुठे जायचं?

मालगुंड हे कवी केशवसुतांचं, म्हणजे कृष्णाजी केशव दामले यांचं जन्मगाव. आधुनिक मराठी कवितेचे जनक मानले जाणारे केशवसुत १८६६ मध्ये जन्मले आणि १९०५ मध्ये, चाळिशीही न गाठता गेले. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या त्यांच्या स्मारकाचं उद्घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झालं. त्यांचं जन्मघर जुन्या पद्धतीने जपलं आहे. शाळेच्या पुस्तकातला कवी आपल्याच गावच्या घरात भेटतो, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

संध्याकाळचं क्रिकेट कोणत्या दिवशी रंगतं?

किनाऱ्यावरचं मैदान भरती-ओहोटी ठरवते. किनारपट्टीवरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते.

- पौर्णिमा : १५ ची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. अमावास्येलाही हेच. हे उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत जातं आणि घट्ट वाळूचं रुंद मैदान मिळतं.
- अष्टमी : ८ ची पाऊणपट म्हणजे सहा. संध्याकाळी भरती, म्हणजे मैदान पाण्याखाली. हे भांगाचे दिवस.

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब ढोबळ आहे, थोडं मागेपुढे धरावं.

मग धोका कुठे आहे?

मैदान सर्वांत रुंद असतं, नेमकी तेव्हाच पाण्याची ओढ समुद्राकडे असते. चेंडू पाण्यात गेला की मूल मागे धावतं. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी परत जाताना वाळूतल्या खोलगट पट्ट्यातून वेगाने बाहेर खेचलं जातं. आजूबाजूला लाटा फुटत असताना मधला गडद पट्टा शांत दिसतो. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते.

मेअखेरीस पावसाआधीचा समुद्र खवळू लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. मत्स्यप्रजननासोबत खवळलेला समुद्र हेही त्याचं कारण. जिथे बोटी थांबतात, तिथे पोहण्याचं धाडस नको.

ओढीत सापडलात तर?

- किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमाल.
- अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून मदत मागा.
- पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर या, मग किनाऱ्याकडे वळा.
- बघणाऱ्यांनी मागे उडी घेऊ नये. दोर, रिकामा कॅन असं तरंगणारं काही फेकावं आणि ११२ वर फोन करावा.

खेळ सुरू होण्याआधी मुलांना एकच नियम घालून द्या. पाण्यात गेलेला चेंडू पाण्याचा. लाटेने परत दिला तर ठीक, नाहीतर दुकानात दुसरा मिळतो.