जुन्या स्पीकरांस कोणता ध्वनिवर्धक जोडावा?

अलीकडे माळ्यावरची जुनी चीजवस्त पुन्हा खालीं येऊं लागली आहे. आजोबांनीं हौसेनें घेतलेले लाकडी पेटींतील स्पीकर आणि ध्वनिमुद्रिकांची थप्पी यांजकडे नातवंडें कुतूहलानें पाहतात. मुंबईंत तर १९९० सालीं ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्थाच स्थापन झाली. अब्दुल करीमखां, बालगंधर्व, केसरबाई यांचे स्वर ज्या घरीं जपलेले आहेत, तेथें एक प्रश्न हटकून निघतो. या स्पीकरांस ध्वनिवर्धक, म्हणजे अँप्लिफायर, व्हॉल्व्हचा जोडावा कीं ट्रॅन्झिस्टरचा?

व्हॉल्व्ह ही निर्वात काचनळी. १९०४ सालीं फ्लेमिंग यांनीं ती सिद्ध केली, व १९०६ सालीं ली डी फॉरेस्ट यांनीं तींत तिसरें अग्र बसविल्यानें पुढें क्षीण विद्युत्प्रवाह बलवान करतां येऊं लागला. ट्रॅन्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मला. त्यांत तापणारा तंतु नाहीं. घन पदार्थच तें कार्य करतो.

व्हॉल्व्हचा स्वर मधुर व ट्रॅन्झिस्टरचा रूक्ष, असा लोकप्रवाद आहे. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. शक्तीबाहेर भार पडला असतां व्हॉल्व्ह हळूहळू नमतो, तर ट्रॅन्झिस्टर एकदम तुटक होतो. परंतु मर्यादेच्या आंत राहिल्यास हा भेद फारच सूक्ष्म. इंग्लंडांतील क्वाड कंपनीनें १९७८ सालीं आपलाच एक व्हॉल्व्हचा व दोन ट्रॅन्झिस्टरचे ध्वनिवर्धक, कोणता वाजत आहे हें न सांगतां, जाणकारांस ऐकविले; त्यांस ते ओळखतां आले नाहींत.

म्हणून प्रथम ध्वनिवर्धकाकडे न पाहतां स्पीकराकडे पाहावें. विवाह ठरवितांना आपण एकच पत्रिका पाहत नाहीं. येथेंही तसेंच आहे. स्पीकराचे तीन गुण तपासावेत.

पहिला गुण संवेदनशीलता. १ वॅट शक्तीला १ मीटर अंतरावर ९६ डेसिबेल आवाज देणारा स्पीकर आणि ८६ डेसिबेल देणारा स्पीकर यांत केवढें अंतर! पहिल्यास जें काम १ वॅटांत होतें, त्यास दुसऱ्याला १० वॅट लागतात. पुष्कळ जुने मोठे स्पीकर पहिल्या जातीचे असल्यानें त्यांस ८-१० वॅटांचा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धकही दिवाणखान्यांत पुरतो.

दुसरा गुण विद्युतरोध. स्पीकराच्या पाठीवर ४, ८ किंवा १५ ओहम असें लिहिलेलें असतें. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांत बहुधा या आंकड्यांप्रमाणें निरनिराळ्या खुंट्या असतात. योग्य ती निवडावी. ट्रॅन्झिस्टरच्या ध्वनिवर्धकाला १५ ओहमचा स्पीकर लावल्यास इजा नाहीं; ८ ओहमच्या तुलनेनें शक्ति मात्र सुमारें निम्मी मिळते. खर्जाचे स्वर व्हॉल्व्हवर भरदार, क्वचित् सैल वाटतात. ट्रॅन्झिस्टरवर ते आंवळलेले असतात.

तिसरा गुण सहनशक्ति, आणि खरा धोका येथेंच आहे. १५ वॅट सोसणाऱ्या स्पीकराला १०० वॅटांचा ध्वनिवर्धक जोडून कोणी बटण भलतेंच फिरविलें, तर आंतील वेटोळें क्षणांत जळतें. तसा जुना स्पीकर पुन्हा मिळणें दुर्घट!

आतां आमच्या केजसारख्या तालुक्याच्या गांवचा विचार. येथील उन्हाळा कडक. विजेचा दाबही नेहमीं सारखा नसतो. व्हॉल्व्ह तापतात, वीज अधिक खातात आणि कांहीं हजार तासांनीं बदलावे लागतात. एके काळीं बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी ते बनवीत असे. आज बहुतेक रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथून येतात. शिवाय आंत ३००-४०० व्होल्टांचा दाब असतो, व वीज बंद केल्यावरही तो कांहीं वेळ टिकतो. मुलाबाळांच्या घरांत पेटी उघडी ठेवूं नये. स्पीकर जोडल्यावांचून व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक कधींही चालू करूं नये. ट्रॅन्झिस्टरचाही एक दोष आहे; तो बिघडला कीं सरळ प्रवाह स्पीकरांत शिरूं शकतो. यास्तव संरक्षक योजना असलेलाच घ्यावा.

तात्पर्य, स्पीकर संवेदनशील असेल, कुशल कारागीर जवळ असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर व्हॉल्व्ह खुशाल घ्यावा. एरव्हीं २०-३० वॅटांचा चांगला ट्रॅन्झिस्टरचा ध्वनिवर्धक बेताच्या आवाजावर वाजवावा. करीमखांसाहेबांच्या १९३० नंतरच्या ध्वनिमुद्रिका मुळांतच व्हॉल्व्हच्या साहाय्यानें मुद्रित झालेल्या आहेत. ती गोडी त्यांत अगोदरच उतरलेली आहे. आपलें काम ती सुखरूप कानांपर्यंत पोंचविण्याचें, आणि स्पीकर पुढील पिढीच्या स्वाधीन करण्याचें.