हत्तीगवत व वरकस जमीन

शहापूर तालुक्यांतील खर्डीच्या परिसरांत पावसाळ्याचे चार महिने इतकें पाणी कोसळतें कीं वरकसाची माती ओढ्यांत वाहून जाते. आणि चैत्र-वैशाखांत त्याच जागीं गुरांना पाजावयास पाणी मिळणें कठीण होतें. मुंबईची तहान भागविणारे तानसा व भातसा हे जलाशय याच तालुक्यांत आहेत, हें ध्यानांत आणलें म्हणजे या टंचाईचें नवल अधिकच वाटतें. मातीची धूप आणि वैरणीची उणीव या दोन्ही दुखण्यांवर हत्तीगवताचा उपाय सुचविला जातो. तो येथें कितपत लागू पडतो, हें पाहण्यासारखें आहे.

डोंगरावरील कुसळीसारखीं गवतें दिवाळीच्या सुमारास कापून वाळवितात. त्यांतील कांहीं पूर्वी मुंबईच्या तबेल्यांकडे विक्रीस जाई, कांहीं भाताच्या राबांत जळे, आणि गुरांच्या वाट्यास राठ काड्या उरत. भाताच्या पेंढ्यानें पोट भरतें. दूध मात्र वाढत नाहीं.

हत्तीगवत मूळचें आफ्रिकेंतील. बुलावायो येथील कर्नल नेपिअर यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याचा पुरस्कार केला, म्हणून त्यास नेपिअर हें नांव पडलें. भारतांत तें १९१२ च्या सुमारास आलें. पुढें येथील शास्त्रज्ञांनीं बाजरीशीं त्याचा संकर केला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘यशवंत’ व ‘जयवंत’ हे वाण याच कुळांतले. संकरित गवतास रुजणारें बीं धरत नाहीं, त्यामुळें तें तण होऊन शेजारच्या शेतांत पसरण्याचें भय नाहीं. लागवड उंसासारखी, दोन-तीन डोळ्यांच्या कांड्यांनीं किंवा मुळासकट काढलेल्या ठोंबांनीं, पाऊस लागतांच करावी.

बांधावर उताराला आडव्या दोन ओळी घालाव्या, व एका ओळींतील ठोंब दुसरीच्या मोकळ्या जागेसमोर यावे. मुळांचें दाट जाळें माती धरतें. पाण्याचा वेग ठोंबांशीं मोडतो आणि गाळ मागें बसतो. केनियाच्या डोंगराळ भागांतही याच हेतूनें हें गवत उतारावर लावतात. मात्र तें मोठें खादाड आहे. अगदीं लगत नाचणी पेरली तर ती खुरटते, यास्तव दोन हात जागा सोडावी. जेथें पाणी तुंबतें त्या भातखाचरांत तर तें लावूंच नये. शिवाय सुगीनंतर गुरें मोकाट सोडण्याची येथील रीत आहे. कांट्यांचें कुंपण नसेल तर पहिल्याच वर्षीं ठोंब उपटले जातील.

पहिली कापणी अडीच महिन्यांनीं, पुढच्या सुमारें सहा-सहा आठवड्यांनीं, वीतभर खुंट राखून करावी. उशीर झाला कीं बुंधे लांकडासारखे होतात. वर्षास हेक्टरीं शंभर टनांवर चारा निघतो असें सांगतात, तें खरें. परंतु तें बारमाही पाणी व भरपूर खत मिळणाऱ्या मळ्याचें. तो आंकडा मनांत धरून कोरड्या बांधावर लागवड करणारा फसेल. येथें पाऊस सरला कीं वाढ मंदावते, आणि उन्हाळ्यांत ठोंब नुसते जीव धरून असतात. पुन्हा फुटतात ते मृगाच्या सरींनीं.

तेव्हां वैशाखाची तरतूद आश्विनांतच केली पाहिजे. पावसाची उघडीप पाहून गवत कापावें, दिवसभर सुकवावें, बारीक कुट्टी करून थोडें गुळाचें पाणी शिंपडावें, आणि खड्ड्यांत किंवा जाड पिशव्यांत हवा न राहील असें दाबून तोंड बंद करावें. सुमारें दीड महिन्यांत मुरघास तयार होतो, आणि हवा न लागल्यास उन्हाळाभर टिकतो.

या गवतांत ऑक्झॅलेट नांवाचें द्रव्य असतें, तें चाऱ्यांतील चुना अंगीं लागूं देत नाहीं. कोंवळ्या गवतांत त्याचें प्रमाण अधिक. म्हणून गाभण व दुभत्या जनावरांस नुसतें हत्तीगवत घालूं नये. पेंढ्याची कुट्टी व चवळीचा पाला त्यांत मिसळावा.