जुन्या मोटारीच्या वातानुकूलन यंत्रातील वायुबदल

विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातील अनेक मोटारी व जीपगाड्या ग्रामीण भागात अद्याप वापरात आहेत. त्यांचे इंजिन सुस्थितीत असते. परंतु वातानुकूलन यंत्रातील गॅस गळून गेल्यामुळे ते बंद पडलेले असते. अशा वेळी केवळ नवा गॅस भरून काम भागेल, असा समज होतो. हा समज खर्चात टाकणारा आहे.

जुना वायू का गेला?

या गाड्यांमध्ये आर-१२ हा वायू वापरीत असत. त्यातील क्लोरीनमुळे वातावरणातील ओझोनचा थर विरळ होतो. सूर्याच्या अतिनील किरणांपासून माणसे, जनावरे व पिके यांचे रक्षण हा थर करतो. म्हणून १९८७ साली माँट्रियल करार झाला. भारत १९९२ साली त्यात सहभागी झाला आणि १ जानेवारी २०१० पर्यंत या वायूचे उत्पादन देशात थांबले. त्याची जागा आर-१३४ए या क्लोरीनविरहित वायूने घेतली.

केवळ वायू बदलून का भागत नाही?

काँप्रेसरला लागणारे तेल वायूबरोबरच यंत्रभर फिरते. आर-१२ बरोबर खनिज तेल सहज मिसळते. आर-१३४ए मध्ये ते मिसळत नाही. ते नळ्यांत व कूलिंग कॉइलमध्ये साचून राहते, काँप्रेसर कोरडा पडतो आणि अखेर जाम होतो. शिवाय कडक उन्हात नव्या वायूचा दाब जुन्यापेक्षा अधिक चढतो. त्यामुळे जीर्ण नळ्या व सांधे यांवर ताण येतो.

कामाचा क्रम

१. उरलेला जुना वायू हवेत न सोडता यंत्राने टाकीत काढून घ्यावा.

२. गळतीची जागा शोधून दुरुस्त करावी.

३. जुने तेल शक्य तितके काढावे व काँप्रेसरच्या उत्पादकाने सांगितलेले एस्टर किंवा पॅग तेल भरावे. हे तेल हवेतील ओलावा त्वरित शोषते. म्हणून डबा उघडा ठेवू नये.

४. नव्या वायूस चालणारा ड्रायर बसवावा. उघडलेल्या प्रत्येक सांध्याची रबरी रिंग बदलावी. अधिक दाबावर काँप्रेसर बंद करणारा स्विच नसल्यास तो बसवावा.

५. वायू भरण्याच्या तोंडांवर आर-१३४ए ची जोडणी बसवावी, म्हणजे पुढे चुकून दुसरा वायू भरला जाणार नाही.

६. पंपाने किमान अर्धा तास निर्वात करावे. पंप थांबविल्यावर काटा स्थिर राहतो की नाही, ते पाहावे.

७. नवा वायू वजन करून भरावा. जुन्या वायूच्या सुमारे ८० ते ९० टक्के पुरतो. म्हणजे पूर्वी १,००० ग्रॅम लागत असल्यास ८०० ते ९००. काचेतील बुडबुड्यांवरून अंदाज करू नये. त्यामुळे वायू जादा भरला जातो.

८. वायू व तेल यांचे नाव, वजन आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवावी.

स्वयंपाकाचा गॅस भरू नये

स्वस्त पडतो म्हणून सिलिंडरमधील गॅस भरण्याचा मोह काहींना होतो. तो अत्यंत घातक आहे. कूलिंग कॉइल प्रवाशांच्या पुढ्यातच असते. तेथे गळती झाल्यास बंद गाडीत ज्वालाग्राही वायू साचतो व एका ठिणगीने आग लागते. थोड्या पैशांच्या बचतीसाठी कुटुंबाचे प्राण धोक्यात घालू नयेत.

काय अपेक्षा ठेवावी?

वायुबदलानंतर भर उन्हात, विशेषतः गाडी उभी असताना, गारवा किंचित कमी वाटतो. कंडेन्सरच्या पत्र्यांत अडकलेली धूळ, भुसा व कडबा वेळोवेळी काढल्यास बराच फरक पडतो.

आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नसला, तरी पृथ्वीची उष्णता वाढविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट प्रभावी आहे. म्हणून तोही हवेत सोडू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाहनधारकांना ही माहिती द्यावी आणि वायू काढून घेण्याचे यंत्र असलेल्या कारखान्यातच काम करवून घेण्याचा सल्ला द्यावा.