आकडा मोठा, धाप लहान

1975 मध्ये चेन्नईत, पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात, डॉ. के. एम. चेरियन यांनी देशातली पहिली बायपास शस्त्रक्रिया केली. त्या काळी हृदय थकल्याचा अंदाज मुख्यतः मानेच्या फुगलेल्या शिरा, पायांवरची सूज, स्टेथोस्कोप आणि एक्स-रे यांवरून बांधला जाई. आज चेन्नई असो की कोल्हापूर, रक्ताच्या रिपोर्टवर ‘एनटी-प्रोबीएनपी’चा आकडा येतो आणि घरच्यांच्या नजरा त्यावरच खिळतात.

आधी एक जुना गैरसमज. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालू असतं, पण शरीराला हवं तेवढं रक्त ढकलताना कमी पडतं. त्याच्या भिंतींवर ताण आला की पेशी एक प्रथिन तयार करतात. त्याचे दोन तुकडे होतात: बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी. यातलं बीएनपी 1988 मध्ये जपानी संशोधकांना आधी डुकराच्या मेंदूत सापडलं. मुख्य उगम हृदय आहे, हे नंतर कळलं.

‘आकडा दुप्पट म्हणजे आजार दुप्पट’ हा समज सगळ्यात चिवट. अचानक धाप लागून आलेल्या रुग्णात आकडा 300 पेक्षा कमी असेल, तर दोष बहुधा हृदयाचा नसतो. निदानाच्या बाजूने कौल द्यायला मात्र पन्नाशीच्या आत 450, पंचाहत्तरीपर्यंत 900 आणि त्यापुढे 1800 ही पातळी धरतात. म्हणजे 1000 हा आकडा चाळिशीत धोक्याचा, ऐंशीत तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. मूत्रपिंडं कमजोर असली किंवा ठोके अनियमित असले, तरी तो चढतो.

त्रासाची तीव्रता मात्र डॉक्टर विचारून ठरवतात: जिना चढताना दम लागतो की बसल्या जागीही? त्यानुसार चार श्रेणी आहेत. श्रेणी वाढते तशी आकड्याची सरासरीही वाढते, पण एकेका माणसात हे गणित फसतं. रक्तक्षय, फुप्फुसाचा आजार, अशक्त स्नायू यांनीही धाप लागते. आणि जिना चढणंच सोडलेला माणूस ‘मला काही त्रास नाही’ असं अगदी प्रामाणिकपणे सांगतो!

नॉर्मल रिपोर्ट म्हणजे सुटका, असंही नाही. लठ्ठ रुग्णांत हृदय थकलेलं असूनही आकडा कमी येऊ शकतो. सॅक्युबिट्रिल असलेलं औषध बीएनपीचं विघटन रोखतं, त्यामुळे बीएनपी वाढलेलं दिसू शकतं. अशा वेळी एनटी-प्रोबीएनपीच पाहावं.

मग आकडा खाली आणण्यासाठीच औषधं वाढवावीत? अमेरिका-कॅनडातल्या 894 रुग्णांवर हे करून पाहिलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही.

पुढच्या तपासणीपर्यंत घरचा वजनकाटा कामी येतो. रोज सकाळी वजन करावं आणि तीन दिवसांत ते दोन किलोहून जास्त वाढलं, तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता धरून डॉक्टरांना लगेच फोन करावा.