संयुक्त पदवी अभ्यासक्रमांची तपासणी आणि विद्यार्थी-परीक्षक

संयुक्त पदवी अभ्यासक्रम दोन किंवा अधिक विद्यापीठे मिळून चालवतात. विद्यार्थी पहिले सत्र एका देशात पूर्ण करतो, पुढच्या सत्रासाठी दुसऱ्या देशात जातो आणि प्रबंध कधी कधी तिसऱ्याच ठिकाणी लिहितो. युरोपात २००४पासून इरास्मस मुंडस योजनेमुळे अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मोठी चालना मिळाली. करारावर सह्या विद्यापीठांचे अधिकारी करतात, प्राध्यापक आपापला विषय शिकवतात आणि प्रत्येक कार्यालय आपल्या हद्दीतल्या नोंदी ठेवते. सगळ्या विद्यापीठांतून एकामागून एक जातो तो मात्र विद्यार्थीच. भागीदारीतले बहुतेक दोष एखाद्या विद्यापीठाच्या आत नसतात, ते दोन विद्यापीठांच्या मधल्या जागेत असतात. म्हणूनच अशा अभ्यासक्रमांच्या गुणवत्ता तपासणीत विद्यार्थ्याला दोन नात्यांनी स्थान असते. अनुभव सांगणारा विद्यार्थी वेगळा आणि तपासणी करणाऱ्या समितीवरचा विद्यार्थी वेगळा.

दुसऱ्या नात्याला मान्यता टप्प्याटप्प्याने मिळाली. २००१मध्ये प्रागला जमलेल्या युरोपीय शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणातले सक्षम भागीदार म्हटले. स्कॉटलंडमध्ये २००३पासून सुरू झालेल्या विद्यापीठ-तपासणीच्या पद्धतीत समितीवर विद्यार्थी-सदस्य नेमला जाऊ लागला. २००५मध्ये बर्गेन येथे स्वीकारलेल्या युरोपीय गुणवत्ता निकषांत समितीवर ‘योग्य वाटल्यास’ विद्यार्थी असावा, असा मोघम उल्लेख होता. २०१५मध्ये येरेवान येथे निकष सुधारले गेले, तेव्हा ही पळवाट काढून टाकण्यात आली. त्याच बैठकीत संयुक्त अभ्यासक्रमांसाठी स्वतंत्र युरोपीय पद्धत मंजूर झाली. तोपर्यंत एकाच अभ्यासक्रमाची तपासणी प्रत्येक देशाची संस्था आपापल्या नियमांनी करत असे आणि तुकड्यातुकड्यांच्या या तपासणीत मधले दुवे सुटत. नव्या पद्धतीत संपूर्ण अभ्यासक्रम एकच समिती तपासते. तिच्यात किमान चार सदस्य असतात आणि त्यांपैकी किमान एक विद्यार्थी असतो.

या विद्यार्थ्याचा तपासल्या जाणाऱ्या कोणत्याही विद्यापीठाशी हितसंबंध नसावा लागतो. तो कोणत्याही विद्यार्थी संघटनेची बाजू मांडायला आलेला नसतो. इतर सदस्यांप्रमाणे तोही स्वतंत्र परीक्षक असतो. युरोपीय विद्यार्थी संघाने २००९पासून अशा प्रशिक्षित विद्यार्थ्यांची एक यादी तयार ठेवली आहे. निकष कसे वाचावेत, पुरावा आणि मत यांत फरक कसा करावा, एखादी तक्रार एकट्याची आहे की व्यवस्थेची हे कसे ताडावे, हा अशा प्रशिक्षणाचा गाभा असतो.

काम सुरू होते ते कागदपत्रांपासून. सर्व भागीदार विद्यापीठे मिळून एकच स्वयंमूल्यमापन अहवाल देतात. सोबत सहकार्य करार असतो. पदवीवर कोणाचे नाव राहील, शुल्क कोण घेईल, प्रवेश कोण ठरवेल, परीक्षांची जबाबदारी कोणाची, हे त्या करारात स्पष्ट असावे लागते. अहवालात बहुधा सगळे सुरळीत दिसते. विद्यार्थी-परीक्षक तो वाचताना एखाद्या काल्पनिक विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून पदवी हाती पडेपर्यंत त्या व्यवस्थेतून चालवून पाहतो आणि तो कुठे अडेल याची टिपणे काढतो.

पहिली अडचण गुणांची असते. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४.० ही उत्तीर्णतेची सीमा. इटलीत परीक्षा ३० गुणांची असते आणि १८ला उत्तीर्ण होता येते. फ्रान्समध्ये २०पैकी १० गुण लागतात, तर डेन्मार्कची श्रेणी उणे ३पासून १२पर्यंत जाते. शिवाय सढळ किंवा काटेकोर गुण देण्याची प्रत्येक ठिकाणची रीत निराळी असते. नुसते त्रैराशिक मांडून रूपांतर केले, तर एका विद्यापीठातली चांगली कामगिरी दुसऱ्याच्या गुणपत्रिकेत साधारण दिसू शकते. म्हणून कोणती श्रेणी किती टक्के विद्यार्थ्यांना मिळते, याचे तक्ते वापरण्याची शिफारस युरोपीय क्रेडिट पद्धतीच्या २०१५च्या मार्गदर्शिकेत आहे. हे तक्ते खरोखर वापरले जातात का, हे समितीने विचारायचे असते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. जर्मन विद्यापीठांत हिवाळी सत्र बहुधा ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि त्याच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालू शकतात. पुढच्या देशातले सत्र जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या आरंभी सुरू होत असेल, तर दोन्हीकडे एकाच वेळी हजर राहण्याची पाळी येते. फेरपरीक्षेचा प्रश्न याहून बिकट. नापास झालेला विद्यार्थी तोवर दुसऱ्या देशात पोहोचलेला असतो. परत जाण्याचा खर्च त्याने करायचा, की परीक्षा दूरस्थ पद्धतीने घ्यायची, याचे उत्तर करारात नसेल, तर ते त्या त्या प्राध्यापकाच्या मर्जीवर राहते.

तिसरी बाब निवास परवान्याची. युरोपीय विद्यार्थ्याला ती जाणवतही नाही. भारतासारख्या देशातून आलेल्याला मात्र नव्या देशात गेल्यावर परवाना, आरोग्य विमा, घर आणि बँक खाते यांची जुळवाजुळव पुन्हा करावी लागते. इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे ही बाब किरकोळ ठरत नाही. अशा मदतीची जबाबदारी नेमक्या कोणत्या कार्यालयाची, हे समिती पाहते.

यानंतर प्रत्यक्ष भेट. ती सहसा एकाच विद्यापीठात होते, पण समितीने सर्व ठिकाणचे शिक्षण विचारात घेणे बंधनकारक असते. व्यवस्थापन, अध्यापक, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी यांच्याशी बोलणी होतात. विद्यार्थ्यांच्या बैठकीत अध्यापक नसणे महत्त्वाचे, कारण गुण आणि शिफारसपत्रे त्यांच्याच हाती असतात. बैठकीला कोण येणार हे विद्यापीठच ठरवत असेल, तर खूश असलेलेच पुढे येण्याचा धोका राहतो. दुसऱ्या ठिकाणी शिकणाऱ्यांना दृक्श्राव्य संपर्काने सामील करून घ्यावे लागते. विद्यार्थी-परीक्षकासमोर मुले तुलनेने मोकळी होतात. ‘मार्गदर्शन पुरेसे आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. ‘प्रबंधाचे दोन मार्गदर्शक परस्परविरोधी सूचना देतात, तेव्हा तुम्ही कोणाचे ऐकता’ असे विचारले की खरी कार्यपद्धती कळते.

निष्कर्ष ठरवताना विद्यार्थी-सदस्य इतरांच्या बरोबरीचा असतो. त्याला केवळ वसतिगृह आणि वाचनालयाच्या प्रश्नांपुरता राखून ठेवणे ही या पद्धतीतली नेहमीची विकृती. अध्ययन निष्पत्ती, मूल्यमापन आणि करारातल्या तरतुदी यांवरही त्याने लिहिणे अपेक्षित असते. ऐकलेली प्रत्येक तक्रार अहवालात जात नाही. दुसऱ्या गटाकडून किंवा कागदपत्रांतून दुजोरा मिळालेलीच बाब निष्कर्षाचा आधार बनते. पूर्ण अहवाल जाहीर केला जातो.

मंजूर अभ्यासक्रमाची फेरतपासणी सहा वर्षांनी होते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असेल, तर साक्ष देणारे विद्यार्थी तोवर केव्हाच पदवी घेऊन गेलेले असतात आणि सुधारणेचा लाभ पुढच्यांना मिळतो. सतत स्थलांतर करणाऱ्या या विद्यार्थ्यांना कोणत्याही एका विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेत टिकून काम करणे अवघड जाते. त्यामुळे अभ्यासक्रमाच्या संयुक्त मंडळावर विद्यार्थी प्रतिनिधी असणे, प्रत्येक सत्राअखेर सर्व ठिकाणी एकाच प्रश्नावलीने अभिप्राय घेणे आणि त्यावर काय केले हे पुढच्या तुकडीला कळवणे, ही कामे भागीदारांना स्वतःच करावी लागतात. सहा वर्षांच्या अभिप्रायांची अशी सलग नोंद समोर असली, की समितीला भेटीत हजर असलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांच्या आठवणींवर विसंबावे लागत नाही.